‘जुना डॉक्टर हू शुद्ध होता’ म्हणे!

गेल्या आठवड्यात एकच मजकूर मला चौघांनी पाठवला. त्याचा सारांश असा: बीबीसीची ‘डॉक्टर हू’ ही कालप्रवासाची मालिका १९६३ ते १९८९ या पहिल्या पर्वात निखळ विज्ञानकथा होती. गाणी, बँड, टीव्हीवरचे ओळखीचे चेहरे हे सगळे चालू जमान्याचे संदर्भ २००५च्या नव्या पर्वाने आणले. असल्या संदर्भांनी कालप्रवासाची गोष्ट शिळी होते आणि ज्याला ते कळत नाहीत तो प्रेक्षक बाहेर राहतो. शेवटी अर्थातच, ‘खरे चाहते असाल तर पुढे पाठवा’.

मी खरा चाहता आहे की नाही ते सोडा, पण जुने भाग पाहिलेत. मजकूर लिहिणाऱ्याने पाहिलेत का, हा माझा प्रश्न आहे.

‘निखळ’पासून सुरुवात करू. पहिला भाग प्रसारित झाला २३ नोव्हेंबर १९६३ला, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी. त्याच्या सुरुवातीला अजून टार्डिस, म्हणजे डॉक्टरचे कालयान, उघडलेली नाही; मालिकेचा नायक डॉक्टर पडद्यावर आलेला नाही. शाळेच्या वर्गात एक मुलगी, सुझन, ट्रान्झिस्टर कानाशी धरून गाण्याच्या तालावर हात हलवत डोलते आहे. बँडचे नाव जॉन स्मिथ अँड द कॉमन मेन. बँड काल्पनिक आहे, पण गंमत पुढे आहे. विज्ञानाचे सर, इयन चेस्टरटन, त्या जॉन स्मिथचे खरे नाव काय, आधी तो कोणत्या नावाने गायचा, हे सगळे धडाधडा सांगतात. सुझन चकित होते, सरांना हे कसे माहीत! म्हणजे मालिकेतला पहिलावहिला कालप्रवासी आपल्यासमोर येतो तोच त्या वर्षीच्या पोरांच्या गाण्यांवर डोलत. आणि त्या डोलण्याचे काम आहे. ही मुलगी चारचौघींसारखी वाटावी, म्हणजे पुढे ती तशी नाही हे कळल्यावर आपण दचकू. संदर्भ काढा, दचकणेही गेले. (पुढे डॉक्टरला कुठे खोटे नाव सांगायची वेळ आली की तो ‘जॉन स्मिथ’ सांगतो, हा योगायोग मला फार आवडतो.)

आता ‘२००५ने आणले’ याबद्दल. मे १९६५मध्ये ‘द चेस’ ही कथा सुरू झाली. डॉक्टरकडे एक यंत्र येते, ज्यात इतिहासातला कुठलाही क्षण पाहता येतो. आता डॉक्टरबरोबरच फिरणारा इयन लिंकनचे गेटिसबर्गचे भाषण बघतो. बार्बरा, इतिहासाची शिक्षिका, पहिल्या एलिझाबेथच्या दरबारात शेक्सपिअर बघते. मग विकीची पाळी येते. त्यांच्यासोबत फिरणारी विकी ही पंचविसाव्या शतकातली मुलगी. ती लावते बीटल्स! ‘टिकेट टू राइड’ चालू होते, इयन मान डोलवायला लागतो. गाणे संपल्यावर विकी म्हणते, लिव्हरपूलमधले यांचे स्मारक-थिएटर मी पाहिलेय, पण हे लोक शास्त्रीय संगीत वाजवतात हे माहीत नव्हते.

या एका वाक्यात चारशे-पाचशे वर्षांचे अंतर मोजून होते. लिंकन आणि शेक्सपिअर १९६५च्या प्रेक्षकासाठीही जुनेच. त्यांना बघून विकी किती दूरची आहे हे कळत नाही. ते कळायला प्रेक्षकाच्या घरात कालपरवा वाजलेले गाणेच लागते.

आणि २००५चे काय? नव्या पर्वाच्या दुसऱ्याच भागात, ‘द एंड ऑफ द वर्ल्ड’मध्ये, पृथ्वीच्या शेवटच्या दिवशी कसांड्रा नावाची बाई एक जुना ज्यूकबॉक्स आणवते. तिच्या मते तो ‘आयपॉड’ आहे आणि त्यात मानवजातीच्या महान रचनाकारांचे शास्त्रीय संगीत आहे. मग वाजते ‘टेंटेड लव्ह’ हे पॉप गाणे. ओळखीचे वाटले ना? हा विकीचाच विनोद, चाळीस वर्षांनी कपडे बदलून आलेला. नव्यांनी काही घुसवले नाही, घरातलेच भांडे घासून पुन्हा वापरले.

१९६५च्या नाताळात आलेल्या भागात तर डॉक्टर मूकपटांच्या काळातल्या हॉलिवूडमध्ये धडपडतो आणि शेवटी पेला उंचावून थेट घरी बसलेल्या प्रेक्षकांना नाताळच्या शुभेच्छा देतो. हा प्रकार मलाही जरा अतीच वाटतो, हे कबूल. १९६६च्या ‘द वॉर मशीन्स’मध्ये नाइट क्लब आहे, नुकताच उभा राहिलेला पोस्ट ऑफिस टॉवर आहे आणि यंत्रांच्या हल्ल्याची बातमी द्यायला केनेथ केंडल हा बीबीसीचा खराखुरा वृत्तनिवेदक आहे.

मग इतक्या लोकांना जुने पर्व ‘शुद्ध’ का वाटते? माझ्या मते या सगळ्या वादाचे मूळ इथे आहे, आणि त्याचा लेखकांच्या कलादृष्टीशी काही संबंध नाही. कारण आहे गाण्यांचे हक्क. टीव्हीवर एकदा वाजवायला परवानगी होती; पुढे कॅसेट, सीडी, डीव्हीडी निघाल्या तेव्हा पुन्हा पैसे मोजायची वेळ आली, आणि गाणी गळाली. ‘द चेस’च्या अमेरिकेतल्या डीव्हीडीवर बीटल्सच नाहीत. १९६७च्या ‘द ईव्हिल ऑफ द डालेक्स’मध्ये कॉफी बारमध्ये ‘पेपरबॅक रायटर’ वाजत होते. त्या भागाची टेप बीबीसीने केव्हाच पुसली, आवाज वाचला तो चाहत्यांनी घरी टीव्हीसमोर रेकॉर्डर धरला म्हणून, आणि सीडी निघाली तेव्हा तिथे भलतेच संगीत बसवलेले. १९७०च्या ‘स्पिअरहेड फ्रॉम स्पेस’मधले फ्लीटवुड मॅक या बँडचे गाणे सुरुवातीच्या डीव्हीडीवर गायब. १९८५च्या ‘रेव्हलेशन ऑफ द डालेक्स’मध्ये अलेक्सी सेल हा विनोदी नट चक्क स्मशानभूमीचा डीजे आहे, त्याने लावलेल्या जिमी हेंड्रिक्स या रॉक गिटारवादकाच्या गाण्याच्या जागीही डीव्हीडीवर दुसरेच काहीतरी. म्हणजे आज आपण जे ‘शुद्ध’ बघतो ते वकिलांनी चाळून दिलेले आहे.

‘संदर्भांनी गोष्ट शिळी होते’ हा मुद्दा ऐकायला पटतो. पण टार्डिसकडेच बघा. निळा पोलीस बॉक्स, म्हणजे पोलिसांना फोन लावायचे खोके, ही १९६३च्या लंडनमधल्या रस्त्यावरची साधी वस्तू होती. म्हणून तर ते यान कुणाच्या नजरेत भरत नव्हते. ते बॉक्स रस्त्यांवरून जवळजवळ नाहीसे झाले. आज जगभर लोक तो आकार ओळखतात तो या मालिकेमुळे. शिळा झालेला संदर्भ मालिकेच्या मुळाशीच बसलाय आणि गोष्टीचे काही बिघडलेले नाही. बीटल्सचे तर त्याहून गमतीदार. ‘द चेस’मधली ती चित्रफीत बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या गाण्यांच्या कार्यक्रमातली. मूळ कार्यक्रमाची टेप पुसली गेली आणि त्या सादरीकरणाचा तेवढा तुकडा वाचला तो ‘डॉक्टर हू’च्या पोटात.

१९८८च्या ‘रिमेंबरन्स ऑफ द डालेक्स’ने हेच हत्यार उलटे फिरवले. कथा नोव्हेंबर १९६३मध्ये घडते. पार्श्वभूमीला बीटल्सची त्या वर्षीची गाणी. टीव्हीवर निवेदक सांगतो, सव्वापाच वाजलेत, आता पाहा नवी विज्ञानकथा मालिका, ‘डॉ...’ आणि दृश्य तुटते. शिवाय एक शास्त्रज्ञ बाई हळहळते, आत्ता बर्नार्ड हवा होता. हा बर्नार्ड म्हणजे बीबीसीच्याच १९५३च्या मालिकेतला प्रोफेसर क्वाटरमास. पंचविसाव्या वर्षी मालिका आपल्या जन्माच्या महिन्यात जाऊन आपल्या पूर्वजाला हाक मारते. याला उथळपणा म्हणणाऱ्याने तो भाग पुन्हा बघावा.

राहिला ‘न कळणारा प्रेक्षक’. १९७९च्या ‘सिटी ऑफ डेथ’मध्ये पॅरिसच्या कलादालनात टार्डिस उभी आहे. दोन रसिक तिच्यापुढे थांबून तिच्या सौंदर्यावर गंभीरपणे बोलतात. तेवढ्यात डॉक्टर मंडळी धावत येऊन आत शिरतात, टार्डिस विरून जाते, आणि बाई समाधानाने म्हणते: अप्रतिम! हे दोघे जॉन क्लीझ आणि एलिनॉर ब्रॉन हे ब्रिटनमधले ओळखीचे विनोदी कलाकार आहेत हे मला पहिल्यांदा बघताना माहीत नव्हते. मी हसलो तो त्या कला-समीक्षेला. आपल्याकडे वगातला सोंगाड्या राजाच्या दरबारात उभा राहून कालच्या भाववाढीवर बोलतो, तेव्हा कुणी म्हणत नाही की राजाचा काळ बिघडला.

एक गोष्ट मात्र त्या मजकुराची मान्य करायला हवी. नव्या पर्वात संदर्भांची गर्दी जास्त आहे आणि काही नुसतेच टाळ्यांसाठी आहेत. ही तक्रार प्रमाणाची आहे, ती जरूर करा. तिला इतिहासाचे सोंग चढवायची गरज नाही.

आणि ‘पूर्वीसारखे राहिले नाही’ ही तक्रारही २००५ची नव्हे. १९८८च्या डिसेंबरात सुरू झालेल्या ‘द ग्रेटेस्ट शो इन द गॅलक्सी’मध्ये एक चष्मेवाला पोरगा सायकलवरून सर्कशीला येतो. म्हणतो, सुरुवातीचा काळ मला बघायला मिळाला नाही, आता पूर्वीची मजा नाही हे ठाऊक आहे, तरी मला भयंकर रस आहे. मालिकेने आपल्याच चाहत्यांची काढलेली ही नक्कल आहे. रिंगणात उतरल्यावर त्या पोराचे काय होते, ते मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी एकदा बघून घ्या.