‘जोरात श्वास घ्या, ताण विसरा’ : फिरणाऱ्या एका मेसेजला उत्तर

एक मेसेज सध्या जवळजवळ प्रत्येक फॅमिली ग्रुपवर येऊन पडतोय. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं : ताण येतो तो उथळ श्वासामुळे. आपण फुफ्फुसांचा जेमतेम एक तृतीयांश भाग वापरतो. छाती भरून जोरजोरात श्वास घेतला की मेंदूला दुप्पट ऑक्सिजन मिळतो. ४-७-८ मोजत श्वास घेतला की मिनिटभरात झोप लागते. आणि हे रोज दहा मिनिटं केलं तर बीपीच्या नि झोपेच्या गोळ्या सुटतात, बाकी कशाची गरजच उरत नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. दम्याच्या आणि सीओपीडीच्या (फुफ्फुसांच्या जुनाट आजाराच्या) रुग्णांना श्वासाचे व्यायाम शिकवणं हे माझं रोजचं काम. या व्यायामांचा गुण मी डोळ्यांनी पाहते, म्हणूनच त्यांच्या नावावर खपवलेलं काहीबाही मला सहन होत नाही.

‘मेंदूला दुप्पट ऑक्सिजन मिळतो’

कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात असेल तर काढून बोटाला लावा. निरोगी माणूस नुसता बसलेला असताना ऑक्सिजनचा आकडा ९५ ते १०० टक्क्यांच्या दरम्यान दिसतो. ऑक्सिजन वाहून नेणारं रक्तातलं हिमोग्लोबिन आधीच जवळपास भरलेलं आहे, त्यात दुप्पट ऑक्सिजन मावणार कुठे?

जोरजोरात श्वास घेतल्यावर खरा बदल होतो तो कार्बन डायऑक्साइडमध्ये. तो भराभर बाहेर पडतो, रक्तातलं त्याचं प्रमाण घसरतं आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. म्हणजे मेंदूकडे जाणारं रक्त कमी होतं. शिवाय कार्बन डायऑक्साइड कमी झाला की हिमोग्लोबिन ऑक्सिजनला जास्त घट्ट धरून ठेवतं. डेन्मार्कच्या ख्रिश्चन बोर यांनी १९०४ मध्येच हा परिणाम मांडला होता. मेसेज सांगतो त्याच्या बरोबर उलटं घडतं.

हे कसं दिसतं ते सांगते. एका सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळचा वर्ग चालू होता. मागच्या रांगेतल्या एक काकू जोरजोरात श्वास घेता घेता थांबल्या. बोटांना मुंग्या, ओठांभोवती बधिरपणा, डोकं हलकं झालेलं. शिकवणारे म्हणाले, ‘छान, ऊर्जा वाहायला लागली, चालू ठेवा.’ तोवर काकूंचा अंगठा तळव्याकडे वळून आखडायला लागला होता. कार्बन डायऑक्साइड घटून रक्त जास्त अल्कधर्मी झालं की त्यातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं, त्याचं हे लक्षण. मी शेजारी बसले आणि म्हटलं, ‘काकू, तोंड मिटा, नाकाने थोडासाच घ्या, आणि सोडताना घाई करू नका.’ थोड्या वेळाने बोटं सैल झाली. पण त्या घाबरल्या होत्या, आणि ज्यांना आधीच पॅनिक अ‍ॅटॅक येतात त्यांना तर हीच लक्षणं अ‍ॅटॅकची सुरुवात वाटतात. घाबरलेल्या माणसाला ‘मोठा श्वास घे, अजून मोठा’ असं सांगू नका, असं मी परोपरीने सांगते ते यासाठी.

यावर कोणी म्हणेल, ही पाश्चात्त्यांची प्राणायामावर टीका. तसं मुळीच नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंशोधन संस्था सुरू केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढलं. प्राणायामात शरीर किती प्राणवायू घेतं आणि किती कार्बन डायऑक्साइड सोडतं, हे त्यांनी प्रयोगशाळेत मोजलं. प्राणायामाचं मोल जादा ऑक्सिजनमध्ये आहे ही समजूत त्यांना मान्य नव्हती. आपल्याच मातीत, मोजमाप करून, जवळपास शंभर वर्षांपूर्वी झालेलं हे काम आहे.

‘फुफ्फुसांचा एक तृतीयांश भागच वापरतो’

शांत बसलेलं असताना एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा आत जाते. पूर्ण ताकदीने घेऊन पूर्ण सोडली तर चार-पाच लिटर. म्हणजे बसल्याजागी एक तृतीयांशसुद्धा लागत नाही. तो दोष नाही. उरलेली जागा जिना चढताना, गाडी पकडायला धावताना कामी येते.

‘ताण येतो तो उथळ श्वासामुळे’

श्वास आणि मन यांचा संबंध खराच आहे, फक्त मेसेजने उत्तर चुकीचं काढलं. फायदा मोठ्या श्वासाचा नाही, सावकाश श्वासाचा आहे. मनगटावर अंगठ्याच्या खाली नाडी धरा. श्वास आत घेताना ठोके किंचित जवळ येतात, हळूहळू सोडताना लांबतात. सोडणं लांबवलं की हृदयाचा वेग उतरवणाऱ्या व्हेगस नसेला जास्त वेळ मिळतो. एरवी आपण मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. ते सहाच्या आसपास आणले तर रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा अधिक चपळ होते. लुचानो बेर्नार्दी आणि सहकाऱ्यांचा २००१ चा अभ्यास वाचून जप करणाऱ्या कुणालाही नवल वाटणार नाही : लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळ आणि ‘ॐ मणि पद्मे’चा मंत्र, दोन्ही म्हणताना लोकांचा श्वास आपोआप मिनिटाला सहावर आला होता.

पण किती फायदा? २०२३ मध्ये श्वासाच्या व्यायामांच्या १२ चाचण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला, एकूण ७८५ जणांचा. ताण कमी झाल्याचं लोकांनी सांगितलं, पण परिणाम लहान ते मध्यम होता, आणि गाजावाजा करू नका असं संशोधकांनीच बजावलं. रोज पाच मिनिटं देऊन एवढं मिळत असेल तर मी आनंदाने घ्यायला सांगेन. चमत्कार म्हणून मात्र विकणार नाही.

‘मिनिटात झोप, गोळ्या बंद’

४-७-८ ची बेरीज १९. एक आकडा म्हणजे एक सेकंद धरला तर मिनिटाला तीनच श्वास होतात. सवय नसलेल्याला, आणि दमेकऱ्याला तर नक्कीच, सात सेकंद श्वास रोखणं जड जातं. धाप लागलेल्या माणसाला झोप कशी येईल? ४-७-८ चे आकडे सोडा. चार मोजत घ्या, सहा मोजत सोडा, रोखू नका.

बीपीची गोळी मनाने बंद करू नका. सावकाश श्वासाने रक्तदाब थोडा उतरू शकतो, पण गोळी थांबवायची की नाही हे डॉक्टर आकडे बघून ठरवतील. रोजच्या झोपेच्या गोळ्या एकदम थांबवल्या तर त्रास उलटतो, त्या कमी करायच्या तर डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

आणि विहिरीत किंवा धरणात सूर मारण्याआधी भराभर श्वास घेणाऱ्या मुलांना अडवा. कार्बन डायऑक्साइड कमी झाल्याने श्वास घ्यावासा वाटण्याची सूचनाच उशिरा येते आणि मूल पाण्याखाली बेशुद्ध पडू शकतं.

‘रोज दहा मिनिटं, बाकी कशाची गरज नाही’

मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे. बदलापूरहून लोकलला लोंबकळत येणारी, रात्री ऑफिसचे फोन घेणारी आणि परत येऊन स्वयंपाकाला उभी राहणारी बाई थकते, कारण तिच्यावर भार जास्त आहे. तिला ‘तुझा श्वास चुकतोय’ सांगणं अन्याय आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलं की आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना, ३५-४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो. ते तास श्वास मोजून कमी होत नाहीत.

थकवा भरून निघायला काय लागतं, यावर मानसशास्त्रज्ञ झाबिने झोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये चार गोष्टी मांडल्या : कामापासून मनाने सुटका, आराम, काहीतरी नवं शिकण्याचा आनंद, आणि मोकळा वेळ कसा घालवायचा हे स्वतः ठरवण्याची मुभा. चौथी गोष्ट आपल्या घरांत बायकांच्या वाट्याला सहसा येत नाही. ती द्यायची तर संध्याकाळची भाजी दुसऱ्या कुणीतरी चिरायला हवी, आणि रात्री नऊनंतर साहेबांनी मेसेज टाकणं थांबवायला हवं. सोबत सात तासांची झोप आणि रोज अर्धा तास चालणं. श्वासाची पाच मिनिटं यांच्या जोडीला ठेवा, यांच्या जागी नको.

दोन-तीन आठवडे झोप उडालेली असेल, जेवण जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर श्वासाचा व्यायाम शोधत बसू नका. सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट, रात्री-अपरात्री कधीही, मराठीतही बोलता येतं. छातीत दुखून घाम फुटला, डावा हात जड झाला, तर ‘टेन्शन असेल’ म्हणून श्वास मोजत थांबू नका, लगेच १०८ ला फोन करा.