वाटेवरचे वकील

बोरिवली पूर्वेला दहिसर नदीच्या कडेने एक पायवाट आहे. नदी राष्ट्रीय उद्यानात तुळशी तलावाच्या बाजूला उगम पावून आमच्या मागून मनोरीच्या खाडीकडे जाते, आणि मी त्याच काठाने रोज सकाळी लोकल पकडायला जातो. मे महिन्यात या वाटेवरून दोन माणसे गप्पा मारत शेजारी शेजारी चालू शकतात. जूनचे पहिले पाऊस पडले की टाकळा, आघाडा, रुई, घाणेरी आणि गाजरगवत दोन्ही बाजूंनी असे काही पुढे सरकतात की जुलैच्या मध्याला मिटलेली छत्री पुढे धरून, झाडोरा बाजूला सारत जावे लागते. आघाड्याची कुसळे पँटला चिकटतात आणि ऑफिसात साहेबांसमोर बसल्यावर एकेक करून गळतात. या वनस्पतीचा चर्चगेटपर्यंत जो काही प्रसार झाला असेल, त्यात माझा वाटा मोठा आहे.

परंतु झाडोऱ्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यातून वाट काढता येते. झाडोरा काढणाऱ्यांमधून वाट काढणे, हे मात्र माझ्या आवाक्याबाहेरचे काम होऊन बसले आहे.

स्थानिक स्वयंसेवकांचे हे पथक कोणी नेमलेले नाही. पाऊस उघडला की कोयते, विळे आणि खुरपी घेऊन मंडळी आपोआप उगवतात. अग्रभागी बँकेतून निवृत्त झालेले एक काका असतात. यांच्याकडे बागकामाची कात्री आहे आणि पायजम्याच्या खिशात ‘महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५’ याची घडी घातलेली प्रत आहे. वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून झाड तोडणे हा गुन्हा आहे, हे ते येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगतात. गवताला हा कायदा लागू नाही, हे त्यांनाही मान्य आहे. पण समोरचे रोपटे गवत आहे की उद्याचे झाड, हे ठरवण्यासाठी ते चष्मा वर करून, गुडघ्यावर बसून ज्या सावकाशीने पाहतात, तेवढ्या वेळात ते रोपटे खरोखरच थोडे वाढत असावे. कठड्याच्या फटीत उगवलेल्या उंबरापुढे तर त्यांनी कात्री खाली ठेवून हात जोडले, कारण उंबराच्या बाबतीत कायद्याच्या आधी दत्तगुरू येतात.

काकांच्या मागे एक मालवणी काकू असतात. त्या मदतीला येतात असे सर्वजण मानतात, आणि त्यांच्या हातात विळाही असतो. पण त्या विळ्याला टाकळ्याखेरीज दुसरे काही दिसत नाही. पावसाच्या सुरुवातीची कोवळी पाने त्या स्वतः खुडतात आणि दुसऱ्या कोणी कोयता उगारला की, “टाकळो कापू नुको रे, माका भाजयेक होयो,” असे ओरडून त्याला जागीच गोठवतात. टाकळा भाजीच्या वयाचा असेपर्यंत त्यांच्यासाठी राखून ठेवावा लागतो आणि निबर झाला की त्यांचा त्यातला रस संपतो. तोपर्यंत तो छातीपर्यंत येऊन पिवळा फुललेला असतो आणि त्याच्या दांड्यांना कोयता लावण्याचा उत्साह पथकात उरलेला नसतो. (भाजी उत्तम होते, हे नमूद केले पाहिजे. ओले खोबरे सढळ हाताने घातलेले असते.)

आघाडा कापावा म्हटले, तर तिसऱ्या मजल्यावरच्या आजी खिडकीतूनच मनाई करतात. हरतालिकेला आणि गणपतीच्या पत्रीला आघाडा लागतो, दादरच्या बाजारात त्याच्या चार काड्यांचे काय पैसे घेतात हे तुम्हाला ठाऊक आहे का, असे त्या विचारतात, आणि ते खरोखरच कोणाला ठाऊक नसते. रुई मारुतीची आहे. शनिवारच्या माळेसाठी तिची पाने लागतात, म्हणून तिला हात लावायची सोय नाही. त्यातून एखादा अश्रद्ध माणूस रुईकडे वळलाच, तर दुर्बीण गळ्यात घातलेला एक तरुण आडवा येतो. रुईवर प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या वाढतात, पानफुटीवर रेड पिएरोच्या वाढतात, आणि कोपऱ्यात कोणाच्या तरी टाकलेल्या बियांतून उगवलेल्या लिंबावर ब्ल्यू मॉर्मन अंडी घालण्याची शक्यता असते, जे २०१५ पासून महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू आहे. पानफुटीला तर दुहेरी संरक्षण आहे, कारण ‘बी’ विंगमधल्या एका गृहस्थांचा मुतखडा तिच्याच पानांनी पडला, असे ते सांगतात.

अशा रीतीने इथल्या प्रत्येक वनस्पतीला वकील मिळालेला आहे. अपवाद फक्त दोन, आणि दोन्ही अमेरिका खंडांतून आलेल्या. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बागेची शोभा म्हणून भारतात आणली गेली, आणि तिची बाजू घेतात ते फक्त बुलबुल, जे तिची काळी फळे खाऊन बिया सर्वत्र पोहोचवतात. गाजरगवत १९५५च्या सुमारास पुण्यात नजरेस आले, हे कळल्यावर पथकातल्या मुंबईकरांना जे समाधान झाले, ते त्यांना लपवता आले नाही. या दोघींवर कोयता चालवायला कोणाचीही हरकत नाही. अडचण एवढीच की घाणेरीला काटे आहेत आणि गाजरगवताने अंगाला खाज सुटते, त्यामुळे ज्यांना कापण्याची पूर्ण मुभा आहे, नेमके त्यांनाच कोणी कापत नाही. दुर्बीणवाल्या तरुणाचे म्हणणे असे की गाजरगवत हाताने काढूच नये. १९८४ साली बंगळुरात त्याची पाने खाणारे मेक्सिकन भुंगेरे सोडले होते, तसे आपणही आणावेत. त्यावर भुंगेऱ्यांचा खर्च सोसायटीने करायचा की वर्गणीने, या मुद्द्यावर चर्चा गेली आणि माझी लोकल गेली.

या साऱ्या गर्दीत दर सकाळी उलटे चालणारे एक गृहस्थ शिरतात. उलटे चालल्याने गुडघे बळकट होतात, असे त्यांच्या वाचनात आलेले आहे. ते ठाम पावलांनी, टाळ्या वाजवत, पाठमोरे येतात, आणि वाकून कापणाऱ्यांना ते दिसत नाहीत व त्यांना कापणारे दिसत नाहीत. कोयत्याच्या पात्यापासून हातभर अंतरावर त्यांना कोणी तरी हाताला धरून वळवावे लागते. हे काम बहुतेक वेळा माझ्याकडे येते, कारण माझे दोन्ही हात रिकामे असतात.

वाट मोकळी होते, नाही असे नाही; पण ती पथकाने केलेली नसते. हरतालिकेच्या आदल्या दिवशी पहाटे परिसरातल्या बायका पिशव्या घेऊन येतात, पत्रीच्या निमित्ताने आघाडा, दुर्वा आणि मिळेल ते खुडून नेतात, आणि सूर्य वर येईपर्यंत वाट दोन हात रुंद झालेली असते. मग काका कात्री उंच धरून मध्यभागी उभे राहतात व सर्वांचा फोटो काढला जातो.

गेल्या रविवारी काकांनी वहीत कामांची वाटणी लिहिली. मी कोणत्याही वनस्पतीच्या वतीने आजवर एक शब्द बोललेलो नसल्यामुळे घाणेरी आणि गाजरगवत या दोन्ही माझ्या नावापुढे पडल्या. पथकाकडे हातमोज्यांचा एकच जोड आहे आणि त्यातला उजवा काकूंनी भाजी खुडायला नेला आहे. उलटे चालणाऱ्या गृहस्थांनी मात्र माझ्या दिशेने येताना शिट्टी वाजवण्याचे मान्य केले आहे.