तिसऱ्या रांगेतला माणूस

आमचे सासरे बँकेतून हेडकॅशियर म्हणून निवृत्त झाले. भाजीवाल्यानं चुकून ५ रुपये जास्त दिले, तर भर उन्हात परत जाऊन देऊन येणारा माणूस. त्याच माणसानं शुक्रवारी लागलेला मराठी सिनेमा रविवारी दुपारी टेलिग्रामवरून उतरवला, पेनड्राइव्ह टीव्हीला खुपसला आणि घरभर हाका मारल्या.

थिएटरात बसून कुणीतरी मोबाइलवर टिपलेला सिनेमा. पडदा तिरका, म्हणून आम्ही सगळे माना डावीकडे कलत्या करून बसलो. नायिका रडायला लागली की कुणीतरी खोकायचं. ऐन भांडणात तिसऱ्या रांगेतला एक गृहस्थ उठला आणि नायकाच्या छातीवर त्याचं टक्कल उगवलं.

"अहो, बसा की खाली!" सासूबाई टीव्हीवर ओरडल्या. आणि तो बसला! पुढं मध्यंतरानंतर तो समोसे घेऊन परतला, तेव्हा आम्हाला हायसं वाटलं.

मी चाचरत म्हटलं, "बाबा, ही चोरी आहे हो. २०२३ साली कायदा कडक केलाय. थिएटरात असं शूटिंग केलं तर कमीत कमी ३ महिने तुरुंग आणि ३ लाख दंड."

"शूटिंग मी कुठं केलं? मी नुसता बघतोय."

"पण चोरीचा माल..."

"जावईबापू, १९८५ साली आम्ही वाड्यात वर्गणी काढून व्हीसीआर आणायचो. एका रात्रीत तीन सिनेमे. रोख पैसे मोजून!"

मोजले होते, खरंय. फक्त ते कॅसेटवाल्याच्या गल्ल्यातच थांबले, निर्मात्यापर्यंत पोचले नाहीत.

तीन महिन्यांनी तो सिनेमा ऑनलाइन आला आणि मला साव व्हायची हुक्की आली. ज्या तीन ॲपचे पैसे भरतो त्यांवर नव्हता, अर्थातच. चौथ्यावर भाड्यानं होता. १४९ रुपये, सुरू केल्यापासून ४८ तासांत संपवायचा. सगळे जमले. मी ऐटीत बटण दाबलं. ओटीपी गेला नाशिकला.

"नाशिकला कसा?" सासऱ्यांनी विचारलं.

खातं मेव्हण्याचं होतं, ही बाब मी कुटुंबात फारशी उघड केली नव्हती. मेव्हणा झोपलेला. चौथ्या फोनला उठला, आकडे सांगितले, तोवर त्यांची मुदत संपलेली. सासरे काही बोलले नाहीत. नुसते चष्मा पुसत राहिले, आणि ते जास्त लागलं.

शेवटी सिनेमा सुरू झाला. लख्ख चित्र, सरळ पडदा. माना मात्र सवयीनं डावीकडेच. भांडणाचा प्रसंग आला.

"आता उठेल बघा," सासूबाई म्हणाल्या.

कुणी उठलं नाही. समोसेही आले नाहीत.

"कापलाय वाटतं," सासरे म्हणाले. "१४९ रुपये घेऊन अर्धवट दाखवतात लेकाचे."