मामांचा पासपोर्ट: पुण्याचा की बेंगळुरूचा?

परवा बेळगावात वडगावच्या कट्ट्यावर ओंकारचा विषय निघाला. मस्कतला वेल्डर म्हणून बोलावणं आलंय, पासपोर्ट नाही, आणि काळ्या दिनाच्या फेरीत (बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाला दर एक नोव्हेंबरला निघते ती) चालला म्हणून त्याच्यावर झालेली पोलीस केस सगळ्यांना ठाऊकच आहे.

परशानं खिशातनं दोन मोबाईल काढून कट्ट्यावर मांडले. कुठल्याही कामाला त्याची सुरुवात अशीच असते. "पाच हजार काढ. एजंट आपला, पोलीस ठाण्यात माणूस आपला. तू नुसती सही कर."

"सरकारी फी पंधराशे," सदा म्हणाला. "वरचे साडेतीन हजार कशाचे?"

"ओळखीचे!"

"ओळख पासपोर्टात कुठल्या पानावर छापतात गा?"

सदाचं झेरॉक्सचं दुकान आहे, अर्ध्या पेठेचे फॉर्म तोच भरतो. फॉर्म कुठं अडतो हे त्याला जेवढं कळतं तेवढं परशाच्या दोन्ही मोबाईलमधल्या सगळ्या माणसांना मिळून कळत नसेल, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यानं ओंकारला पहिल्यांदा आधार आणि एसएसएलसीचं, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीचं, मार्क्स कार्ड दाखवायला लावलं. आधारवर 'ओंकार एम चौगुले', मार्क्स कार्डावर 'ओंकार मारुती चौगले'. आपल्याकडं हे घरोघरी आहे. कोल्हापूरच्या कागदावर एक स्पेलिंग, कर्नाटकातल्या कागदावर दुसरं, आणि वडिलांच्या नावाचं नुसतं एक अक्षर.

"फॉर्मला हात लावू नको," सदा म्हणाला. "आधी आधार मार्क्स कार्डाप्रमाणं करून घे. आधारवर नाव जन्मात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. म्हणून मार्क्स कार्ड समोर ठेवून एकेक अक्षर ताडून बघ. पासपोर्टात 'एम' चालत न्हाई, 'मारुती' पूर्ण लिहायचं. पहिल्या रकान्यात 'ओंकार मारुती', आडनावाच्या रकान्यात 'चौगले'. सगळं पहिल्या रकान्यात कोंबून आडनाव रिकामं सोडू नको. २०२२च्या नोव्हेंबरपासनं यूएई एकेरी नावाच्या पासपोर्टाला व्हिजिट व्हिसा द्यायला अडवतंय. आज मस्कत, उद्या दुबई म्हणशील, तेव्हा अडकशील."

"आणि दहावीचा कागद कशाला? जन्मतारखेला पॅन कार्ड चालतंय की," बसू म्हणाला.

"तारखेला चालतंय. पण मार्क्स कार्ड जोडलं न्हाई तर पासपोर्टावर ईसीआर, म्हणजे 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' असा शेरा पडतोय. आखात, मलेशिया धरून अठरा देश आहेत. ईसीआरवाल्याला तिथं कामाला जायचं तर सरकारची वेगळी मंजुरी लागते. दहावी पास असला की ती कटकट न्हाई. दहावी नापास असून सरकारमान्य, म्हणजे एनसीव्हीटीचा, दोन वर्षांचा आयटीआय असला तरी सुटका आहे. हे ऑफिसात आपणहून कोण सांगत न्हाई, कागद आपण पुढं करायचा."

परशाला राहवलं नाही. "वेबसाइट तरी कुठली ते सांग त्याला. गुगलवर पहिली येते तीच ना?"

"ती न्हाईच! पासपोर्टइंडिया डॉट जीओव्ही डॉट इन. शेवटी जीओव्ही डॉट इन नसलं तर बंद कर. सरकारी वाटावी अशी नावं घेऊन बसलेल्या खोट्या साइटी आहेत, फीचे पैसे घेतात आणि गप होतात. आधी खातं काढायचं, फॉर्म भरायचा, फी भरायची, मग तारीख निवडायची. छत्तीस पानी १५००, साठ पानी २०००. तत्काळ म्हटलं की वर आणखी २०००. मस्कतला एकाच नोकरीवर जाणाऱ्याला छत्तीस पानं रग्गड झाली."

इथवर महादेवमामा गप्प होते. मुलगी दुबईला, नातू झालाय, त्यांनाही कागद करायचाय. पण मामांचा प्रश्न वेगळाच.

"तारीख कोल्हापूरची घेतली तर?"

"मिळते की," सदा म्हणाला. "२०१८च्या जूनपासनं देशात कुठलंही केंद्र निवडता येतं. आपल्या हेड पोस्टातलं घ्या, हुबळीचं घ्या, कोल्हापूरचं घ्या."

मामांनी कट्ट्यावर थाप मारली. "मग कोल्हापूर! महाराष्ट्राचा पासपोर्ट! छप्पन सालापासनं मागतोय, आता मिळाला!"

"मामा, पासपोर्टावर राज्य नसतं. पडताळणीला पोलीस पण आपल्याच ठाण्याचा येणार, फॉर्मवर पत्ता वडगावचा आहे."

"पण देण्याचं ठिकाण छापतात का न्हाई?"

सदा थांबला. "छापतात. कोल्हापूर पुण्याच्या ऑफिसाखाली येतं. पुणे छापतील."

"झालं तर! बेंगळुरू नको, पुणे!"

आता हसणं आवरायला वेळ लागला. पण मामांचं म्हणणं मला पोकळ वाटत नाही. ज्यांनी हयात या मागणीत काढली त्यांना एका ओळीचंही अप्रूप असतं, आणि नियमात बसतंय तर घ्यावं त्यांनी कोल्हापूर.

मग मूळ गाठ आली. फेरीची केस.

"फॉर्ममध्ये विचारतात, कोर्टात फौजदारी प्रकरण चालू आहे का," ओंकार म्हणाला. "काय लिहू?"

"'नाही' दाब!" परशा. "कोण बघूलंय तिथं बेंगळुरूत?"

"ज्या ठाण्यात गुन्हा नोंद आहे त्याच ठाण्याकडं फॉर्म पडताळणीला येतोय," सदा म्हणाला. "चोरी करायची आणि जाताना आपला पत्ता चिकटवून यायचं, तसलं सांगूलास तू."

परशानं एक मोबाईल उगाच कानाला लावला.

सदा ओंकारकडं वळला. "नुसता एफआयआर आणि कोर्टात चालू प्रकरण, ह्यात फरक आहे. १९६७च्या पासपोर्ट कायद्यातलं कलम ६(२)(एफ) कोर्टात चालू असलेल्या प्रकरणाबद्दल आहे. आरोपपत्र जाऊन कोर्टानं दखल घेतली तरच ते लागतं. परराष्ट्र खात्यानं १० ऑक्टोबर २०१९च्या पत्रकात हे लिहून दिलंय. म्हणून आधी वकिलाकडनं किंवा कोर्टाच्या ई-कोर्ट्स साइटवर बघ, केसला नंबर पडलाय का. पडला नसेल तर 'नाही' हे खरं उत्तर. पडला असेल तर 'होय' लिहायचं आणि त्याच कोर्टात परवानगीचा अर्ज करायचा."

"परवानगी देतात?"

"त्यासाठीच १९९३ची अधिसूचना आहे. पण एक ध्यानात धर. कोर्टाच्या आदेशात पासपोर्ट किती वर्षांचा द्यायचा ते लिहून मागायचं. मुदत लिहिली न्हाई तर एकाच वर्षाचा पासपोर्ट मिळतो आणि वर्षानं पुन्हा सगळं चक्र. वकिलाला अर्जातच दहा वर्षे म्हणून मागायला सांग. आणि लपवलंस तर कलम १२ आहे, दोन वर्षांपर्यंत कैद, न्हाईतर पाच हजारापर्यंत दंड, न्हाईतर दोन्ही. फेरीत चालणं ही लाजेची गोष्ट न्हाई, मग ते लपवायचं कशाला?"

हे शेवटचं वाक्य सगळ्यांनी ऐकून घेतलं. मामांना तर जोरच चढला. "८६च्या कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात आम्ही हिंडलग्याच्या जेलात होतो! माझा पासपोर्ट अडवून दाखवा म्हणावं!"

"तुमची केस कधीच निकालात निघाली मामा. ते चालू असलेलं विचारतात, आणि शिक्षा विचारतात ती मागच्या पाच वर्षांतली, दोन वर्षांची किंवा त्यावरची. तुम्ही मोकळे आहात."

"परशाचा बाप बी होता म्हणं तेव्हा," बसूनं काडी टाकली.

"होता की. लाठ्या सुरू झाल्यावर थेट शहापूरच्या गटारीत."

परशा उसळला, "त्यांचा पाय मुरगळला होता!" आणि पुढची दहा मिनिटं कुठला पाय, कुठली गटार आणि कुणी बाहेर काढलं यातच गेली.

ओंकारला पत्त्याचं मात्र सदानं बजावून सांगितलं. दीड वर्ष पोरगा चाकणला होता. पोलीस दारात आला आणि शेजारणीनं भाबडेपणानं 'तो चाकणला असतो' म्हटलं की 'पत्त्यावर राहत नाही' असा शेरा बसतो आणि फाइल तिथंच आडवी. बऱ्याच फाइली ह्यानंच अडतात. खरंच परत आलायस तर घरी राहा, फोन चालू ठेव, शेजारी सांगून ठेव, मूळ कागद एका पिशवीत तयार ठेव. पडताळणीला वेगळी फी नाही, कुणी मागितली तर द्यायची नाही. पासपोर्ट स्पीड पोस्टानं येतो आणि ज्याचा त्याच्याच हातात देतात, दार बंद दिसलं तर परत जातो. बसूला वेगळी ताकीद मिळाली: पत्त्यात नुसतं कंग्राळी नाही, खुर्द का बुद्रुक ते लिहायचं.

"आणि मी?" मामा. "मी सातवी. मला ते ईसीआर लावतील."

"न्हाई. पन्नाशी ओलांडलेल्याला ते लागत न्हाई. आणि तुम्ही नातू बघायला निघालाय, कामाला न्हाई. साठीच्या वर फीत दहा टक्के सूट पण आहे, म्हणजे १३५०. जन्मदाखला नसू दे. मतदार ओळखपत्र चालतंय, पण त्यावर पूर्ण तारीख पाहिजे, नुसतं साल चालत न्हाई."

"तारीख आहे. एक जून."

"ह्या कट्ट्यावर निम्मे एक जूनचेच," बसू म्हणाला. "मास्तरानं एका दिवसात गाव जन्माला घातलं."

"फोटो कुठनं काढू? बाजारातनं?"

"फोटो तिथंच काढतात. बोटांचे ठसे पण. फक्त रंगीत, गडद शर्ट घाला, मागं पडदा पांढरा असतो."

"मी जन्मात रंगीत घातलं न्हाई. पांढरा सदरा, पांढरी टोपी."

"टोपी काढायला लागेल मामा. आणि पांढऱ्या पडद्यावर पांढरा सदरा म्हटल्यावर फोटोत नुसत्या मिशा दिसतील."

"मिशा पण पांढऱ्याच हायत!" परशा ओरडला, आणि त्या दिवसात पहिल्यांदा त्याचं म्हणणं सगळ्यांना पटलं.