गोठ्याच्या वासाला सात हजार? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

'सात दिवस, सात ऊद' या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया गेल्या दहा दिवसांत बऱ्याचदा वाचली. उत्तराला उशीर झाला तो रागामुळे नाही. तुम्ही जे म्हणालात ते तपासून बघायचं होतं, आणि त्यासाठी तीन संध्याकाळी आणि बायकोची मर्जी लागणार होती.

ज्यांनी लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी एक आठवडा रोज एक अशी सात निरनिराळी उदाची, म्हणजे अगरूच्या लाकडापासून काढलेली, तेलं अंगाला लावली आणि कुठल्याचा वास कसा आला, दिवसभरात कसा बदलला, ते लिहिलं. त्यावर तुमचं म्हणणं असं: 'मनुका काय, ओलं चामडं काय, गोठा काय, सगळे मनाचे खेळ. बाटलीवर आसाम लिहिलेलं दिसलं की तुम्हाला गोठा आठवतो. लॅबचा रिपोर्ट टाका, मग बोलू. आणि गोठ्याच्याच वासाला सात हजार द्यायचे तर आमच्या गावी या, फुकट देतो. माझी आजी रोज दहा रुपयांचा ऊद जाळायची, तिने कधी कौतुक केलं नाही. झाड नामशेष होतंय ते वेगळंच. लोकलमध्ये शेजारच्याचं डोकं उठतं तेही वेगळंच.'

आधी आजीचं बघू, कारण तिथे नुसता नावाचा घोटाळा आहे. आपल्या घरांत तिन्हीसांजेला निखाऱ्यावर टाकतात तो ऊद म्हणजे एका वेगळ्याच झाडाचा डिंक. सुमात्रा, लाओस या भागांतून येतो आणि बाजारात लोबान म्हणूनही विकला जातो. मी लिहिलं ते अगरूच्या झाडाबद्दल. अरबीत 'ऊद' म्हणजे मुळात लाकूड, आणि आखातात नुसतं ऊद म्हटलं की अगरूचंच लाकूड समजतात. मी मस्कतला सहा वर्षं होतो. तिथे लुबान मागितला तर तिसराच डिंक हातात पडतो, ओमानच्याच धोफार प्रांतातल्या डोंगराळ भागातला. आपल्याकडे तर आणखी गंमत. उदबत्तीत ऊद आहे, अगरबत्तीत अगर आहे, दोन्ही नावं त्या एकाच लाकडाची, आणि आज वाण्याकडे मिळणाऱ्या पुड्यात ते लाकूड औषधालाही नसतं. तेव्हा आजींनी कौतुक केलं नसेल, पण त्या ज्याचं कौतुक करत नव्हत्या ते हे नव्हेच.

आता मुख्य आरोप, मनाचे खेळ.

जपानात अगरूचे तुकडे तापवून वास घेण्याची जुनी कला आहे, कोदो. ते लोक वास 'घेतला' म्हणत नाहीत, 'ऐकला' म्हणतात. तुमच्या आरोपाचा तिथे चक्क खेळ करून ठेवलाय, गेंजीको नावाचा. पाच प्रकारच्या लाकडांच्या प्रत्येकी पाच अशा पंचवीस पुड्या करायच्या, सरमिसळ करून त्यातल्या पाच उचलायच्या आणि एकेक तापवून फिरवायची. पाचांपैकी कुठल्या एकसारख्या आणि कुठल्या वेगळ्या, एवढंच ओळखायचं. शक्यता ५२ होतात आणि प्रत्येकीला पाच उभ्या रेघांची एक खूण ठरलेली आहे. पुडीवर नाव नाही, त्यामुळे नाव वाचून गोठा आठवण्याची सोय नाही.

मी तोच खेळ घरी कागदाच्या पट्ट्यांवर केला. सातातली दोन तेलं संपली होती, उरली पाच: आसामची दोन, कंबोडियाच्या जातीची दोन, बोर्नियोचं एक. बायको स्वयंपाकघरात सलाई बुडवून पट्टीला लावायची, मागे पेन्सिलीने आकडा घालायची आणि दहा मिनिटांनी बाहेर आणायची. रोज पाच, तीन दिवस, एकूण पंधरा पट्ट्या. कुठली तेलं घ्यायची, एकच दोनदा द्यायचं की नाही, हे तिच्या मनावर.

आसाम आणि कंबोडी यांत मी एकदाही फसलो नाही. बोर्नियोही प्रत्येक वेळी ओळखलं, त्यात सुरुवातीला कापरासारखी गार झुळूक येते. पण आसामच्या दोन तेलांबद्दल मी लेखात मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, की एकात मनुका आणि दुसऱ्यात चिंचेचा कोळ. त्या दोघांच्या मिळून सहा पट्ट्या आल्या, त्यातल्या चार उलट्यापालट्या सांगितल्या. तिसऱ्या दिवशी तर एकच तेल दोन पट्ट्यांवर लावलं होतं आणि मी त्यांच्यातला फरक तिला पाच मिनिटं समजावून सांगितला. ती ऐकून घेत होती. मग आकडे दाखवले.

म्हणजे मनुका आणि चिंच या बाबतीत तुम्ही जिंकलात. ती दोन वाक्यं लेखातून काढली आहेत. गोठा मात्र काढणार नाही.

कारण दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या होत्या. त्यांना उदाचं काही सोयरसुतक नाही. तीन नंबरची पट्टी त्यांच्या नाकाशी धरली आणि विचारलं, कसला वास? त्या म्हणाल्या, 'सरकी पेंड भिजत घातलीय की काय कुणी? दुसऱ्या दिवसाची.' तीन नंबर आसाम होतं. भिजवलेल्या पेंडीचा दुसऱ्या दिवशीचा वास! मी दोन वर्षं 'गोठा, गोठा' करतोय आणि मला नेमका शब्द सापडला नव्हता. आंबूस, किंचित उबट, पण कुजका नाही. आणि त्याला कारण आहे. आसामात तेल काढायची भट्टी लावण्याआधी लाकडाचा चुरा पाण्यात भिजत घालतात, पंधरा दिवस, महिना, कधी त्याहून जास्त. चुरा आंबतो आणि ती आंबूस छटा पुढे तेलात उतरते. भिजवण्याचे दिवस कमी केले की तीही कमी होते. कंबोडियाच्या जातीची माझ्याकडची दोन्ही तेलं गोडसर, पिकल्या फळासारखी लागतात ती काही अंशी झाडाच्या जातीमुळे आणि काही अंशी या हाताळणीमुळे. तेव्हा पेंडीशी साम्य वाटणं हा निव्वळ मनाचा खेळ नाही. तिथे खरोखरच काहीतरी भिजत पडलेलं असतं.

वासाला दुसऱ्या वासाची उपमा देणं हे काही नवश्रीमंतांचं खूळही नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, खजिन्यात घ्यायच्या मौल्यवान वस्तू पारखण्याच्या अध्यायात, अगरूचे प्रकार दिलेत: काळं किंवा ठिपक्यांचं जोंगक, सावळं दोंगक आणि समुद्रापलीकडून येणारं पारसमुद्रक. या तिसऱ्याचा वास कसा? तर वाळ्यासारखा किंवा नवमालिकेच्या फुलासारखा. पुढे चांगल्या अगरूची लक्षणं आहेत: जड, तेलकट, वास दूरवर पसरणारा, आगीत टिकणारा, घासलं तरी वास न जाणारा. करवसुलीचे हिशेब मांडणारा ग्रंथ आहे तो, त्यात कोणी कविता करत बसलेलं नाही. माल ओळखायचा तर वासाला नाव हवं आणि नाव ओळखीच्या वासातूनच येणार, इतका साधा मामला.

लॅबचा रिपोर्ट मागितलात. मागणी रास्त आहे, पण तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो. यंत्र तेलातले घटक सुटे करून कुठला किती ते आलेखावर दाखवतं. भेसळ पकडायला त्याच्यासारखं काही नाही, कारण तेल पातळ करायला बिनवासाचं द्रावण घातलं असेल तर नाकाला ते कळायचा मार्ग नाही. माझ्या स्वतःच्या गळ्यात एका दुकानात असं पातळ केलेलं तेल मारलंय आणि ते कळायला दोन महिने लागले. चार तासांत वास गायब व्हायचा आणि मी स्वतःच्या कातडीला दोष देत होतो. पण आलेखावरचं सर्वांत उंच शिखर म्हणजे सर्वांत जोराचा वास असं नसतं. कणभर असलेला एखादा घटक नाक व्यापतो आणि ढीगभर असलेला गप्प बसतो. पेंड की पिकलं फळ, हे शेवटी कुणाच्या तरी नाकालाच विचारावं लागतं.

तुम्ही न काढलेली एक चूक मीच सांगतो, ती जास्त गंभीर आहे. सात तेलं मी सात वेगवेगळ्या दिवशी लावली. सोमवारी कोरडं ऊन होतं, गुरुवारी पाऊस, शनिवारी मला सर्दी. म्हणजे तुलना तेलांची झालीच नाही, आजच्या तेलाची कालच्या आठवणीशी झाली. हे तेल पहिली वीस मिनिटं एक बोलतं आणि तीन तासांनी दुसरंच, आणि दमट हवेत तर आणखी पसरतं. खरं तर दोन मनगटांवर दोन तेलं एकाच वेळी लावून दिवसभर आलटून पालटून बघायला हवं होतं. पट्ट्यांचा खेळही अर्धाच, कागदाला अंगाची ऊब नसते.

झाडाचं म्हणाल तर तिथे माझ्याकडे बचाव नाही, माहिती आहे. निरोगी अगरूचं लाकूड पांढरं, हलकं आणि बिनवासाचं असतं. खोडात अळी भोकं पाडते, त्यातून बुरशी शिरते आणि झाड स्वतःला वाचवायला काळसर राळ तयार करतं. ती राळ म्हणजेच सगळा व्यापार. बाहेरून झाडात माल आहे की नाही ते खात्रीने कळत नाही, म्हणून जंगलात दिसेल ते तोडलं गेलं. संकटातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लगाम घालणारा साइट्स नावाचा करार आहे; आसामच्या जातीचं नाव १९९५ मध्ये त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आलं, २००४ मध्ये सगळ्याच जाती त्याखाली घ्यायचं ठरलं, आणि आज ही जात रानात अतिसंकटग्रस्त गणली जाते. दुसरीकडे वरच्या आसामात लोक परसात, सुपारीच्या झाडांमध्ये सांची म्हणून हेच झाड लावतात. जुन्या पोथ्या ज्या सालीवर लिहिल्या ती याचीच. आसामातल्याच होजाई गावच्या भट्ट्यांवर असा लागवडीचा मालही जातो. माझी आसामची दोन्ही तेलं लागवडीची आहेत, असं विकणारा म्हणतो. त्याच्या शब्दापलीकडे माझ्याकडे पुरावा नाही. जुन्या रानटी लाकडाचं म्हणून मिळणारं तेल मी घेत नाही, पण हे लेखात लिहायला हवं होतं, ते राहिलं.

सात हजार पाव तोळ्याचे, म्हणजे साधारण तीन ग्रॅमचे. दिवसाला सलाईचं एक टोक पुरतं. माझी कुपी आठ महिने चालली. रोजचे तीस रुपये होतात, एका कटिंगपेक्षा जास्तच. महाग आहेच, स्वस्त आहे असं पटवायला मी बसलेलो नाही.

लोकलचं मान्य. आठ सोळाच्या गाडीत एका गृहस्थांनी दोनदा रुमाल नाकाला लावला, तेव्हा मी उगाच बाहेर बघत राहिलो. मस्कतला जेवणं झाली की धुपाटणं फिरायचं, सगळ्यांच्याच कपड्यांना तोच वास, त्यामुळे कुणाला काही वाटायचं नाही. कल्याण लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसलेल्याला मी विचारलेलं नसतं. आता आसामचं तेल रात्री घरीच लावतो. सकाळी कंबोडी, तेही शर्टाच्या आत.

राहिलं तुमच्या गावच्या गोठ्याचं आमंत्रण. ते घेतो. येताना पाच पट्ट्या घेऊन येईन, एकेक वेगळ्या पिशवीत, पाठीमागे नुसते आकडे. आधी गोठ्यात जाऊ, मग तुम्ही पट्ट्या हुंगा. आकड्यांची यादी बायकोकडे असेल, मलाही ठाऊक नसेल.