गाठी परभणीच्या, भांडण लिव्हरपूलला अन् कुलूप आमच्या खात्याला

परवा एका वकील मित्रानं ग्रुपवर टाकलं की केस परदेशात चालू असली तरी इथलं कोर्ट इथला पैसा गोठवू शकतं, भारी सोय आहे, पळपुट्यांना चाप बसतो. खाली धडाधड अंगठे. मी नाही दिला, कारण ते कुलूप मी जवळून बघितलंय.

मावसभावाची मानवतकडं जिनिंग आहे, हिशेब माझ्याकडं. एका वर्षी बांगलादेशच्या एका पार्टीला कापसाच्या गाठी गेल्या, मालाच्या प्रतीवरून वाजलं, अन् करारात लिहिलेलं की वाद झाला तर लवाद लिव्हरपूलच्या कॉटन असोसिएशनकडं. सही करताना कोण वाचतंय राव. पार्टीनं तिकडं क्लेम टाकला अन् इकडं हायकोर्टात लवाद कायद्याच्या कलम ९ खाली अर्ज, म्हणजे लवादाचा निकाल लागेस्तोवर आमचा पैसा अडकवून ठेवा म्हणून. २०१५ च्या दुरुस्तीपासून लवाद परदेशात असला तरी हा अर्ज इथं चालतो, करारात 'नको' असं ठरवलेलं नसलं म्हणजे झालं. आम्ही कुठं ठरवायलोत! आदेश एकतर्फी झाला. क्लेम ४० लाखाचा अन् गोठली सगळी खाती.

कळलं कसं, तर सेलूकडचे एक काका चेक परत घेऊन आले. बंडीच्या खिशातून बँकेचा मेमो काढला, चार घड्या घातलेला, त्यावर कोर्टाच्या आदेशानं पेमेंट थांबवल्याचं लिहिलेलं. म्हणले, "मालक, काय गुन्हा केलाव तुमी?" त्यांना हरभऱ्याला खत न्यायचं होतं, कापूस आमच्या अंगणात अन् पैसा बँकेत अडकलेला.

हा अधिकारच नसावा असं मी म्हणत नाय हां. मोंढ्यात रातोरात गाशा गुंडाळून गेलेले आडते आपण सगळ्यांनी बघितलेत, निकाल लागेस्तोवर खात्यात पाच रुपये उरत नाहीत. इंग्लंडमध्ये १९७५ ला मरेवा नावाच्या केसमध्ये हे हत्यार निघालं ते यासाठीच. पण १९७७ ला सिस्किना जहाजाच्या केसमध्ये तिथलंच हाऊस ऑफ लॉर्ड्स, म्हणजे तेव्हाचं सगळ्यात वरचं कोर्ट, म्हणलं की मूळ दावा इथं चालण्यासारखा नसेल तर नुसतं पैसे गोठवायला इथं येऊ नका. ते जरा जास्तच कडक होतं, पुढं संसदेनं कायदा करून सैल केलं. अन् २०२१ ला ब्रिटिश व्हर्जिन बेटांवरून आलेल्या अपिलात प्रिव्ही कौन्सिलच्या, म्हणजे त्या बेटांसाठी लंडनला बसणाऱ्या शेवटच्या कोर्टाच्या, सात जजांपैकी चौघं म्हणले की गोठवायला इथं दावा असायलाच पाहिजे असं काही नाही. मात्र तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत: इथं वसूल करता येईल असा निकाल मिळण्याइतकी केस दमदार आहे, ज्यातून वसुली होईल ती मालमत्ता आहे, अन् समोरचा ती खरंच उडवून टाकील अशी भीती आहे. अन् गंमत बघा, एवढं सगळं सांगूनसुद्धा त्या केसमध्ये अर्जदाराला काही मिळालं नाही. अमेरिकेत तर १९९९ ला पाच विरुद्ध चार मतांनी सुप्रीम कोर्टानं सांगितलं, साध्या विनातारण उधारीसाठी निकालाआधी पैसा गोठवणार नाही.

माझा सगळा जीव त्या तिसऱ्या अटीवर आहे. शेड, मशिनी, गाठींचा स्टॉक, वीस वर्षांचा धंदा, आम्ही काय रात्रीतून जिनिंग डोक्यावर घेऊन पळणार होतो का? आपलं सुप्रीम कोर्टच २००८ ला रमण टेकच्या निकालात म्हणलंय की निकालाआधीच जप्ती आणून विनातारण उधारीला तारणाचं कर्ज बनवू नका. आमच्याबाबतीत नेमकं तेच चाललं होतं, वकिलामार्फत निरोप आलाच, सेटल करा, खाती मोकळी करतो. अन् चुकीच्या जप्तीची भरपाई म्हणाल तर दिवाणी संहितेच्या ९५ कलमात तिची मर्यादा ५०,००० रुपये. सीझनला आमची हमालीच तेवढी होते. तिकडं इंग्लंडात अर्जदाराला आधी हमी द्यावी लागते की आदेश चुकीचा ठरला तर नुकसान भरून देईन. आपल्याकडं अशी हमी घेतल्याशिवाय एकतर्फी आदेश देऊच नये, अन् गोठवायचंच तर क्लेमपुरतंच गोठवावं, मजुरी अन् शेतकऱ्याचं पेमेंट मोकळं ठेवून.

अडकलेला पैसा किती दिवस अडकतो ते आपल्या निजामाला विचारा. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान पडलं, अन् २० तारखेला लंडनच्या बँकेतले दहा लाख पौंड पाकिस्तानच्या हायकमिशनरच्या नावावर गेले. निजाम म्हणला परत करा, बँक म्हणली आधी ठरू द्या कुणाचे. तो काही असला कोर्टाचा आदेश नव्हता, पण निकाल लागला २०१९ ला, रक्कम झाली होती साडेतीन कोटी पौंड!

आमचं तेवीस दिवसांत सुटलं. वकिलानं स्टॉकचं रजिस्टर लावलं, क्लेमएवढी रक्कम एफडीत टाकली, बाकी खाती उघडली. काकांना पैसे द्यायला गेलो तर त्यांनी खत उधारीवर, व्याजानं उचललेलं. म्हणले, "हे अठराशे कुणाच्या नावावर टाकू?" मी खिशातून दिले. लिव्हरपूलचा निकाल अजून यायचाय.