साकव गेला तरी चालेल, ग्रुप जाता कामा नये

मंडळी, गावासाठी कायतरी करायची हुक्की आली ना, की आधी ग्रुप काढा. आमच्या वाडीतला साकव, म्हणजे पऱ्यावरचा (ओढ्यावरचा) छोटा पूल, जुलैत पाण्याने गेला तेव्हा आम्ही हेच केलं, संध्याकाळपर्यंत 180 मेंबर, त्यातले निम्मे दिवा-नालासोपाऱ्याला, ज्यांनी तो साकव शेवटचा बघितला शिमग्याला, तेही पालखीच्या नादात बघितला असेल तर.

आता फोटो. आपल्या साकवाचा काढायला पावसात चिखलातून जावं लागतं, त्यापेक्षा महाडचा सावित्रीवरचा पूल, जो 2 ऑगस्ट 2016 ला रात्री वाहून गेला, त्याचा फोटो टाका आणि खाली लिहा 'आपल्या तालुक्यातली परिस्थिती'. लोक हात जोडतात. पुढे पाठवतात.

ग्रामसभेला चुकूनही जाऊ नका. कोरमला 15 टक्के मतदार किंवा 100 जण, जे कमी असेल तेवढे लागतात, तेवढे काय जमत नाहीत, सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमची अटच नाही, मग सरपंच, ग्रामसेवक आणि चहा आणणारा पोरगा मिळून काय ते ठरवतात. मी 15 ऑगस्टला गेलेलो, म्हणजे झेंडावंदनाला. लाडू घेतला नि घरी येऊन 'लोकशाही मेली' असा मेसेज टाकला, 43 अंगठे आले.

माहिती अधिकाराच्या तर वाटेलाच जाऊ नका. 2005 चा कायदा, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, 30 दिवसांत उत्तर, ऐकायला बरं वाटतं. पण आपल्या राज्याच्या नियमात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत लिहायचा! आमच्या भाऊंचं नुसतं 'सगळी सिस्टीमच सडलीय' एवढं सांगून होईस्तोवर 150 संपतात. आणि समजा मागितली साकवाच्या बिलाची कॉपी, आणि ठेकेदार निघाला भावकीतलाच, तर गणपतीत आरतीला कोणाच्या बाजूला उभे राहणार? (मी अर्ज लिहून ठेवलाय. स्टॅम्प पण आणलाय. कपाटात आहे.)

म्हणून विषय कायम मोठा घ्यावा. मुंबई-गोवा हायवे घ्या, 2011 पासून चौपदरीकरण चाललंय, दर गणपतीच्या तोंडावर नवीन तारीख, खड्डे तेच. त्याच्यावर कितीही शिव्या घाला, तिथे आपला चुलता नाही की मेव्हणा नाही, उलट चाकरमानी पेणजवळ ट्रॅफिकमध्ये बसल्या बसल्या तुम्हाला साथ देतात. इलेक्शन लागलं की ग्रुपचे दोन ग्रुप करा, ते आपोआपच होतं म्हणा.

साकवाचं विचाराल तर वाडीतल्या तीन पोरांनी माडाचे दोन ओंडके आडवे टाकलेत, काथ्याने बांधलेत, म्हाताऱ्या बायका त्यावरनंच दूध घालायला जातात. पोरं आपल्या ग्रुपमध्ये नाहीत, तेव्हा 'आपल्या पाठपुराव्याला यश' म्हणून फोटो टाकायला हरकत नाही. फक्त फोटोसाठी डावीकडच्या ओंडक्यावर उभे राहू नका, तो हलतो.